गोल नसलेल्या पृथ्वीभोवती गोल कक्षा: सात सेकंदांचा हिशोब

इस्रोच्या रिसोर्ससॅट-२ आणि २ए या उपग्रहांच्या कक्षेचे जाहीर आकडे असे आहेत: उंची ८१७ किमी, कक्षा जवळजवळ वर्तुळाकार, कल (कक्षेचा विषुववृत्ताशी कोन) सुमारे ९८.७ अंश, आणि २४ दिवसांत नेमक्या ३४१ फेऱ्या. त्यानंतर उपग्रह पुन्हा पहिल्याच वाटेवर येतो. आता कॅल्क्युलेटर घ्या. २४ दिवसांच्या सेकंदांना ३४१ ने भागा. एका फेरीला ६०८०.९ सेकंद येतात. मग अकरावी-बारावीत शिकलेला केप्लरचा नियम लावून ८१७ किमी उंचीचा फेरीकाळ काढा. तो येतो ६०७३.९ सेकंद.

सात सेकंद जुळत नाहीत. ३४१ फेऱ्यांमध्ये त्या सात सेकंदांची चाळीस मिनिटं होतात आणि चाळीस मिनिटांत पृथ्वी स्वतःभोवती दहा अंश फिरते. विषुववृत्तावर मोजलं तर हे अंतर अकराशे किमीच्या वर, म्हणजे जवळपास मुंबई ते दिल्ली. आणि या उपग्रहाच्या शेजारच्या दोन वाटांमधलं अंतर आहे अवघं ११७.५ किमी. म्हणजे केप्लरवर विसंबून राहिलात तर २४ दिवसांनी तुमचा उपग्रह जवळपास साडेनऊ वाटा सरकलेला असेल.

हे सात सेकंद पृथ्वीच्या आकारातून येतात. त्याच आकारामुळे कक्षेची पातळी (ज्या सपाट प्रतलात उपग्रह फिरतो ते) फिरते, वर्तुळ वर्तुळ राहत नाही आणि भूस्थिर उपग्रह आपली जागा सोडतो. हा सगळा हिशोब हाताने करता येतो, आणि एकदा तरी तो हातानेच करावा असं माझं ठाम मत आहे. सॉफ्टवेअर उत्तर देतं, पण कुठला आकडा कुठून आला ते हातच शिकवतात. सायंटिफिक कॅल्क्युलेटर किंवा स्प्रेडशीट पुरेल. वातावरणाचं घर्षण आपण इथे बाजूला ठेवू. तो वेगळा विषय आहे.

पायरी १: आकडे एकाच घरातले घ्या

लागणारे स्थिरांक चारच:

पृथ्वीचा गुरुत्वांक = ३,९८,६००.४४ घन किमी प्रति वर्ग सेकंद
विषुववृत्तीय त्रिज्या = ६३७८.१३७ किमी
जे-२ = ०.००१०८२६३
जे-३ = −०.०००००२५३

जे-२ म्हणजे पृथ्वीच्या कमरेभोवतीच्या फुगवट्याचं गुरुत्वीय माप. पृथ्वीची विषुववृत्तीय त्रिज्या ध्रुवीय त्रिज्येपेक्षा सुमारे २१.४ किमीने जास्त आहे. हे जास्तीचं द्रव्य एखाद्या कमरपट्ट्यासारखं ओढ लावतं. ही ओढ मुख्य गुरुत्वाच्या हजारात एक भाग इतकीच आहे, पण ती दर फेरीला त्याच दिशेने काम करते, म्हणून साठत जाते. जे-३ हा उत्तर आणि दक्षिण गोलार्धांतला फरक सांगतो. तो जे-२ पेक्षा चारशे पटींहून लहान आहे, पण पुढे सहाव्या पायरीत बघाल, सगळ्यात रंजक काम तोच करतो.

इथे एक खड्डा आहे. गुरुत्वाच्या प्रतिमानाची फाइल उतरवून घेतलीत तर तिच्यात जे-२ या नावाने आकडा सापडणार नाही. तिथे −०.०००४८४१७ असा काहीतरी आकडा दिसेल. तो प्रमाणित केलेला गुणांक असतो. त्याचं चिन्ह उलटवून त्याला ५ च्या वर्गमुळाने, म्हणजे २.२३६०७ ने गुणलं की ०.००१०८२६३ मिळतो. शिवाय प्रत्येक प्रतिमान आपापली त्रिज्या आणि गुरुत्वांक घेऊन येतं. एकाची त्रिज्या आणि दुसऱ्याचा जे-२ अशी सरमिसळ करू नका.

पायरी २: आधी केप्लर

अर्धदीर्घ अक्ष (कक्षेच्या लांब व्यासाचा अर्धा भाग; वर्तुळासाठी त्रिज्याच) = ६३७८.१३७ + ८१७ = ७१९५.१३७ किमी.

फेरीकाळ = २ × पाय (π) × वर्गमूळ (अक्षाचा घन ÷ गुरुत्वांक) = ६०७३.९ सेकंद, म्हणजे १०१ मिनिटं आणि १४ सेकंद.

याच काळावरून रोजची कोनीय गती काढून ठेवा: ३६० × ८६४०० ÷ ६०७३.९ = ५१२०.९ अंश प्रतिदिन. पुढे तिला मी नुसतं 'गती' म्हणेन. आणखी एक आकडा वहीच्या कोपऱ्यात लिहून ठेवा: (त्रिज्या ÷ अक्ष)चा वर्ग = ०.७८५८. त्याला मी 'गुणोत्तर' म्हणेन. फुगवट्याचा परिणाम उंचीबरोबर कसा ओसरतो ते या आकड्यात दडलेलं आहे.

पायरी ३: कक्षेची पातळी किती फिरते

कक्षा विषुववृत्ताला दक्षिणेकडून उत्तरेकडे जाताना जिथे छेदते तो आरोही पात. पंचांगातला राहू म्हणजे चंद्राच्या कक्षेचा हाच बिंदू, आणि राहू नेहमी उलटा चालतो हे आपल्याकडे घराघरात माहीत असतं. त्याची फेरी १८.६ वर्षांची असते. चंद्राच्या बाबतीत ओढणारा सूर्य असतो, आपल्या उपग्रहाच्या बाबतीत पृथ्वीचा फुगवटा. यंत्रणा मात्र एकाच जातीची.

ती अशी. उपग्रह विषुववृत्ताच्या उत्तरेला असतो तेव्हा फुगवटा त्याला किंचित दक्षिणेकडे ओढतो, दक्षिणेला असतो तेव्हा उत्तरेकडे. म्हणजे ओढ कायम विषुववृत्ताकडे. त्यामुळे उपग्रह विषुववृत्तावर जरा लवकर उतरतो आणि ठरलेल्या जागेच्या थोडा अलीकडेच ते ओलांडतो. दर फेरीला असंच. कक्षेचा कल तसाच राहतो, फक्त ओलांडण्याची जागा मागे सरकत जाते. फिरता भोवरा कलला तरी पडत नाही, त्याचा दांडा गोल घुमत राहतो, तसंच हे. पूर्वेकडे जाणाऱ्या उपग्रहासाठी 'अलीकडे' म्हणजे पश्चिमेला. कल ९० अंशांहून जास्त असेल तर उपग्रह पश्चिमेकडे झुकून जातो आणि त्याचा पात पूर्वेकडे सरकतो.

पाताचा रोजचा सरकाव = −१.५ × जे-२ × गुणोत्तर × गती × कॉस (कल)

आपले आकडे घातले की कॉसच्या आधीचा सगळा भाग ६.५३५ अंश प्रतिदिन येतो.

आता उलट्या बाजूने विचार करा. पृथ्वी सूर्याभोवती वर्षभरात ३६० अंश फिरते, म्हणजे दिवसाला ०.९८५६ अंश. कक्षेची पातळीही पूर्वेकडे तेवढीच सरकली तर उपग्रह कुठल्याही ठिकाणावरून जेव्हा जाईल तेव्हा त्याच स्थानिक वेळेला जाईल. रिसोर्ससॅटसाठी ही वेळ सकाळी साडेदहाची आहे. त्याच महिन्यात सावल्या दर वर्षी सारख्या पडतात, म्हणून मार्चमधलं ऊस-कापसाचं चित्र पुढच्या मार्चमधल्या चित्राशी ताडून बघता येतं. यालाच सन-सिंक्रोनस कक्षा म्हणतात. इंधनाचा एक थेंबही न जाळता पृथ्वीचा फुगवटा हे काम करतो. पृथ्वी अगदी गोल असती तर दूरसंवेदनाचं शास्त्र आजच्यासारखं उभंच राहिलं नसतं.

कॉस (कल) = −०.९८५६ ÷ ६.५३५ = −०.१५०८, म्हणून कल = ९८.६७५ अंश. जाहीर आकडा आहे सुमारे ९८.७. पाच ओळींचं गणित आणि उत्तर अंशाच्या काही शतांश भागांत बसलं.

हीच कृती ५०५ किमी उंचीसाठी करून पाहा. कल साधारण ९७.४ अंश यायला हवा. २२ जून २०१६ रोजी पीएसएलव्ही-सी३४ ने वीस उपग्रह अशाच कक्षेत सोडले. पुण्याच्या सीओईपी या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी बांधलेला 'स्वयं' त्यांतलाच एक होता.

अचूकता किती लागते तेही इथेच बघून घ्या. कलात ०.१ अंशाची चूक झाली तर सरकावात दिवसाला ०.०११३ अंशाचा फरक पडतो. वर्षाला ४.१ अंश, म्हणजे साडेसोळा मिनिटं. साडेदहाचा उपग्रह वर्षभरात पावणेअकराच्याही पुढे जाईल किंवा सव्वादहाच्याही मागे येईल. शिवाय सूर्याचं गुरुत्व कल हळूहळू बदलत राहतं, म्हणून मोठ्या मोहिमांमध्ये अधूनमधून इंजिन चालवून कल दुरुस्त करतात. लहान उपग्रहाकडे बहुधा इंजिन नसतं. त्याची वेळ सरकणारच, हे डिझाइन करतानाच गृहीत धरा.

हा परिणाम डोळ्यांनी बघायचा असेल तर आंतरराष्ट्रीय अंतराळस्थानकाकडे बघा. कल ५१.६ अंश, उंची सुमारे ४२० किमी. सूत्रात घातलं की पात रोज जवळजवळ ५ अंश पश्चिमेकडे जातो. सूर्याच्या सापेक्ष ६ अंश, म्हणजे स्थानकाची कक्षा रोज सुमारे २४ मिनिटं आधी तुमच्या डोक्यावर येते. म्हणूनच काही दिवस ते संध्याकाळी दिसतं, मग दिसेनासं होतं, मग पहाटे दिसायला लागतं, आणि साधारण दोन महिन्यांनी चक्र पूर्ण होतं. गच्चीवरून स्थानक बघणाऱ्या कुणालाही हा क्रम पाठ असतो. त्यामागे २१ किमीचा फुगवटा आहे.

पायरी ४: सात सेकंद सापडतात

फुगवटा फक्त पातळी फिरवून थांबत नाही, तो कक्षेच्या आतली गतीही बदलतो. हा बदल दोन भागांचा असतो.

पहिला भाग: उपभूपासून (कक्षेतला पृथ्वीच्या सर्वांत जवळचा बिंदू) उपभूपर्यंतची सरासरी गती. तिच्यातला बदल = ०.७५ × जे-२ × गुणोत्तर × (२ − ३ × साइन-वर्ग कल)

दुसरा भाग: उपभू बिंदू स्वतःच कक्षेत फिरतो. त्याचा बदल = ०.७५ × जे-२ × गुणोत्तर × (४ − ५ × साइन-वर्ग कल)

दोन्ही उत्तरं 'गतीचा कितवा भाग' अशा गुणांकात येतात. आपल्या कलासाठी साइन-वर्ग ०.९७७ आहे. पहिला कंस −०.९३ आणि दुसरा −०.८९ येतो. दोन्ही ऋण, म्हणजे ध्रुवीय कक्षेत दोन्ही भाग उपग्रहाला मागे खेचतात. पहिल्यामुळे फेरी ३.६ सेकंदांनी लांबते, दुसऱ्यामुळे ३.४ सेकंदांनी. बेरीज ७.०५ सेकंद.

६०७३.९३ + ७.०५ = ६०८०.९८ सेकंद. पाहिजे होते ६०८०.९४. सेकंदाच्या चार शतांश भागांपर्यंत हिशोब जुळला. हे उत्तर पहिल्यांदा स्वतःच्या वहीत उतरतं तेव्हा फार आनंद होतो. हा आकडा कुणाकडून ऐकून पुढे जाऊ नका, स्वतः काढा.

दुसरा कंस शून्य कधी होतो तेही बघा: साइन-वर्ग ०.८ असताना, म्हणजे कल ६३.४ किंवा ११६.६ अंश असताना. त्या कलावर उपभू जागचा हलत नाही. रशियाच्या मोल्निया उपग्रहांच्या लांबट कक्षा याच कलावर ठेवल्या गेल्या. आपला कल सन-सिंक्रोनस अटीने आधीच ठरलेला आहे, त्यामुळे आपल्याला वेगळा उपाय शोधावा लागतो. तो सहाव्या पायरीत आहे.

पायरी ५: क्षणिक आकडा आणि सरासरी आकडा वेगळे ठेवा

सगळ्यात जास्त चुका इथे होतात. विद्यार्थ्यांच्या एका गटाबरोबर बसलो असताना मी हे डोळ्यांसमोर घडताना पाहिलं आहे. जीपीएसकडून आलेली स्थिती आणि वेग घेऊन मुलांनी अर्धदीर्घ अक्ष काढला, तो केप्लरच्या सूत्रात घातला आणि उद्याची वेळ काढली. प्रत्येक पावलाचं गणित बरोबर होतं, तरी उत्तर मिनिटांनी चुकलं.

कारण असं. फुगवट्यामुळे उपग्रहाची ऊर्जा एका फेरीत दोनदा वरखाली होत असल्यासारखी दिसते. एखाद्या क्षणाच्या स्थिती-वेगावरून काढलेला अक्ष हा त्या क्षणाचा अक्ष असतो. सॉफ्टवेअरमध्ये त्याला ऑस्क्युलेटिंग म्हणतात. तो सरासरीभोवती हेलकावतो:

अक्षाचा हेलकावा = १.५ × जे-२ × त्रिज्या-वर्ग ÷ अक्ष × साइन-वर्ग कल

आपल्यासाठी हा ±९ किमी येतो. विषुववृत्तावर मोजलात तर अक्ष सुमारे ९ किमी जास्त येतो, ध्रुवांजवळ मोजलात तर तेवढाच कमी. ९ किमीच्या चुकीमुळे फेरीकाळ ११.४ सेकंदांनी चुकतो. दिवसाच्या १४.२ फेऱ्यांत १६२ सेकंद, आणि ७.४४ किमी प्रतिसेकंद वेगाने ते अंतर होतं बाराशे किमी. एका दिवसात. अँटेना चुकीच्या आकाशाकडे बघत बसेल आणि उपग्रह कधीच क्षितिजाखाली गेला असेल.

प्रत्यक्षात उपग्रह ९ किमी वरखाली होतो का? नाही. केंद्रापासूनच्या त्याच्या खऱ्या अंतराचा हेलकावा याच्या एक षष्ठांश असतो:

अंतराचा हेलकावा = जे-२ × त्रिज्या-वर्ग ÷ (४ × अक्ष) × साइन-वर्ग कल = ±१.५ किमी

विषुववृत्तावर उपग्रह दीड किमी बाहेर, ध्रुवांजवळ दीड किमी आत. अख्ख्या पृथ्वीभोवती परिपूर्ण वर्तुळात फिरणारा ध्रुवीय उपग्रह असूच शकत नाही. हा हेलकावा कुठल्याही इंजिनाने कायमचा घालवता येत नाही, घालवायचं कारणही नाही. आणि जमिनीपासूनची उंची याहून वेगळी गोष्ट आहे, हे विसरू नका. ध्रुवाजवळ जमीनच २१ किमी खाली आहे. उपग्रह ३ किमी आत आला तरी जमिनीपासून तो विषुववृत्तापेक्षा सुमारे १८ किमी जास्त उंच असतो. '८१७ किमी' हा आकडा सरासरी अक्षातून विषुववृत्तीय त्रिज्या वजा केल्यावर उरलेला आहे. तो कुठल्याही गावाच्या डोक्यावरची उंची सांगत नाही.

करायचं काय? किमान एका पूर्ण फेरीची मोजमापं घ्या, दर मिनिटाला एक चालेल, आणि प्रत्येकातून वरचा हेलकावा वजा करून मग सरासरी काढा. तिसऱ्या-चौथ्या पायरीतल्या सूत्रांत हीच सरासरी जायला हवी.

पायरी ६: वर्तुळ गोठवणं

१७ मार्च १९५८ रोजी अमेरिकेचा व्हॅनगार्ड-१ हा उपग्रह गेला. (भारताचा आयआरएस-१ए बरोबर तीस वर्षांनी, १७ मार्च १९८८ ला गेला. तारीख लक्षात ठेवायला सोपी.) व्हॅनगार्डची उत्केंद्रता (कक्षा किती लांबट आहे त्याचं माप; वर्तुळासाठी शून्य) संथपणे वाढते-घटते असं निरीक्षकांना दिसलं. जे-२ मुळे तसं व्हायला नको होतं. जॉन ओकीफ आणि सहकाऱ्यांनी १९५९ मध्ये त्याचा अर्थ लावला: पृथ्वीचे दोन गोलार्ध सारखे नाहीत. समुद्रपातळीचा आदर्श पृष्ठभाग उत्तर ध्रुवावर सुमारे १६ मीटर वर आणि दक्षिण ध्रुवावर तेवढाच खाली. हाच जे-३.

सोळा मीटर! आठशे किमी उंचीवरच्या उपग्रहाला त्याने काय फरक पडणार? आपल्याच उपग्रहावर करून पाहू.

समजा, तुम्ही उपग्रह उत्केंद्रता शून्य करून, शक्य तितक्या नेमक्या वर्तुळात सोडला. चौथ्या पायरीतला दुसरा कंस वापरून उपभूचा सरकाव काढा: दिवसाला −२.९ अंश, म्हणजे १२४ दिवसांत एक फेरी. कागदावर दोन अक्ष काढा. केंद्रापासूनचं अंतर म्हणजे उत्केंद्रता आणि दिशा म्हणजे उपभूची जागा. फक्त जे-२ असता तर तुमचा बिंदू केंद्राभोवती फिरला असता, आणि शून्यावर सोडलेला बिंदू शून्यावरच राहिला असता. पण जे-३ या चक्राचं केंद्रच वर उचलतो:

गोठणबिंदूची उत्केंद्रता = ०.५ × (जे-३ ÷ जे-२, चिन्ह सोडून) × (त्रिज्या ÷ अक्ष) × साइन कल

आपल्यासाठी ०.००१०२. दिशा ९० अंश, म्हणजे उपभू कक्षेच्या उत्तर टोकाला.

तुमचा शून्यावरचा बिंदू आता या नव्या केंद्राभोवती वर्तुळ काढतो. ६२ दिवसांनी तो समोरच्या टोकाला, ०.००२०५ वर पोचतो. तेव्हा उत्तरेकडे कक्षा सुमारे १५ किमी खाली आणि दक्षिणेकडे १५ किमी वर असते. १२४ व्या दिवशी परत वर्तुळ. ज्या वर्तुळासाठी तुम्ही इंधन खर्च केलंत ते दोन महिन्यांत ३० किमीच्या फरकाची लांबट कक्षा होऊन बसतं.

आणि सुरुवातच ०.००१०२ वर, उपभू उत्तरेला ठेवून केलीत तर? बिंदू आपल्याच चक्राच्या केंद्रावर बसलेला असतो. तो हलत नाही. उत्तर टोकाला कक्षा कायम ७ किमी आत, दक्षिण टोकाला कायम ७ किमी बाहेर, महिनोन्‌महिने. नाशिकवरून जाताना आज जी उंची, तीच पुढच्या वर्षी. कॅमेऱ्याच्या पट्ट्याची रुंदी आणि चित्रातल्या एका ठिपक्याखाली येणारी जमीन दोन्ही स्थिर राहतात. ही फ्रोझन ऑर्बिट, गोठलेली कक्षा. लँडसॅटसारखे उपग्रह अशाच कक्षेत फिरतात. जे-५, जे-७ धरले की आकडा थोडा बदलतो, म्हणून प्रत्यक्ष मोहिमेत शेवटचा आकडा संगणकावर बसवतात. पण पहिला अंदाज हाच.

मला या विषयातलं सगळ्यात मोलाचं वाटतं ते हेच. ग्रह गोल नसेल तर त्याच्याभोवतीची नैसर्गिक, स्वतःहून टिकणारी कक्षाही गोल नसते. वर्तुळाचा हट्ट धरला की इंधन जातं. ग्रहाच्या आकाराशी जुळलेली किंचित लांबट कक्षा निवडली की ती आपण होऊन टिकते. मंगळावर जे-३ चं चिन्ह उलटं आहे, म्हणून तिथे कक्षेतला मंगळाच्या सर्वांत जवळचा बिंदू दक्षिणेला गोठतो. मार्स रिकॉनिसन्स ऑर्बिटर दक्षिण ध्रुवाकडे सुमारे २५५ किमीवर आणि उत्तरेकडे सुमारे ३२० किमीवर असतो, तो याच कारणाने.

पायरी ७: आणखी किती पदं घ्यायची

गुरुत्वाची प्रतिमानं हजारो गुणांकांची असतात. ईजीएम-२००८ मध्ये २१५९ व्या घातापर्यंतची पदं आहेत (जे-२ हे दुसऱ्या घाताचं पद, जे-३ तिसऱ्या). ती सगळी घ्यायची गरज नसते. पन्नासाव्या घाताचं पद उंचीबरोबर किती ओसरतं ते पाहा: (त्रिज्या ÷ अक्ष)चा ५० वा घात. आपल्यासाठी ०.००२४. जमिनीलगतच्या ताकदीचा चारशेवा हिस्सा. ८०० किमीवर रोजच्या नियोजनाला २० ते ३० घातांपर्यंतचं प्रतिमान भरपूर झालं. गुरुत्व मोजायलाच गेलेला युरोपचा गोसे उपग्रह मात्र सुमारे २५५ किमीवर फिरायचा, कारण वर गेलं की बारकावे पुसले जातात.

अपवाद आहे अनुनादाचा. उपग्रह दिवसाला साधारण १४ फेऱ्या मारत असेल तर रेखांशाभोवती १४ वेळा चढउतार करणारी पदं त्याला रोज एकाच लयीत ढकलतात. झोपाळ्याला योग्य वेळी दिलेला हलका धक्काही साठत जातो. ही पदं लहान दिसली तरी गाळू नका.

अनुनादाचं टोकाचं उदाहरण भूस्थिर कक्षा. तिथे उपग्रह पृथ्वीच्या एकाच रेखांशावर खिळलेला असतो, त्यामुळे विषुववृत्त स्वतः किंचित लंबवर्तुळाकार आहे याचा धक्का त्याला दिवसरात्र एकाच बाजूने बसतो. पुढे ओढला गेलेला उपग्रह वरच्या कक्षेत चढतो आणि मागे पडतो, त्यामुळे स्थिर जागा अपेक्षेच्या उलट ठिकाणी सापडतात: विषुववृत्ताच्या आखूड अक्षावर. त्या दोन आहेत, सुमारे ७५ अंश पूर्व आणि १०५ अंश पश्चिम. ७५ अंश पूर्व हे रेखांशवृत्त महाराष्ट्रातून जातं. कल्पना-१ आणि इन्सॅट-३डीआर या हवामान उपग्रहांना दिलेली जागा ७४ अंश पूर्व, म्हणजे या खळग्याच्या अगदी तळाशी. तिथे पूर्व-पश्चिम जागा धरून ठेवायला फारच कमी इंधन लागतं.

पायरी ८: ही कृती कुठे चालत नाही

चंद्रावर. आतापर्यंतचं सगळं गणित एका गोष्टीवर उभं होतं: जे-२ बाकीच्यांपेक्षा शेकडो पट मोठा आहे. चंद्र इतका हळू फिरतो की त्याला मोठा फुगवटाच नाही. उलट त्याच्या पोटात घट्ट द्रव्याचे गठ्ठे आहेत. लुनार ऑर्बिटर यानांच्या मागोव्यातून पॉल म्युलर आणि विल्यम शोग्रेन यांनी १९६८ मध्ये ते शोधले. त्यांना मॅसकॉन म्हणतात. शिवाय चंद्राभोवती १०० किमीवर पन्नासावं पद ०.०६ पर्यंतच ओसरतं, आपल्या ८१७ किमीच्या पंचवीस पट जास्त. बारीक खाचखळगेही तिथे जाणवतात.

अपोलो-१६ ने २४ एप्रिल १९७२ रोजी एक छोटा उपग्रह चंद्राभोवती जवळजवळ गोल कक्षेत, सुमारे शंभर किमीवर सोडला. दोन-अडीच आठवड्यांत त्याची कक्षा इतकी ताणली गेली की तो चंद्राच्या पृष्ठभागापासून दहा किमीच्या आसपास येऊ लागला. मग थोडा सावरला. २९ मे रोजी आदळला. त्याला ढकलायला हवा नव्हती, नुसतं असमान गुरुत्व होतं. अपोलो-१५ ने सोडलेला त्याचा जुळा भाऊ, कल सुमारे २८ अंश, कितीतरी जास्त टिकला. पुढे कळलं की चंद्रावर २७, ५०, ७६ आणि ८६ अंशांच्या आसपासच्या कलांवर कक्षा टिकतात. चांद्रयान-१ चा संपर्क २९ ऑगस्ट २००९ ला तुटला, आणि जुलै २०१६ मध्ये अमेरिकेतल्या रडारना ते चंद्रापासून सुमारे २०० किमीवर फिरताना सापडलं. कक्षेचा आकार आणि दिशा अपेक्षेप्रमाणेच होती, पण कक्षेतली जागा जुन्या अंदाजापेक्षा जवळजवळ अर्ध्या फेरीने सरकलेली. सात वर्षं गठ्ठ्यांनी दिलेले धक्के तेवढे साठले होते. चंद्राच्या कामाला सूत्रं नकोत, चंद्राचं गुरुत्व मोजणाऱ्या ग्रेल मोहिमेचं पूर्ण प्रतिमान घेऊन संख्यात्मक गणितच करा.

पायरी ९: आपला हिशोब आकाशाशी ताडून बघा

सेलेस्ट्रॅकसारख्या संकेतस्थळांवर प्रत्येक उपग्रहाचे टीएलई, म्हणजे दोन ओळींत बसवलेले कक्षेचे आकडे, फुकट मिळतात. दुसऱ्या ओळीत उपग्रहाच्या क्रमांकानंतर क्रमाने कल, पाताचा विषुवांश (ताऱ्यांच्या चौकटीतला रेखांश), उत्केंद्रता, उपभूची दिशा, सरासरी कोन आणि दिवसाच्या फेऱ्या. उत्केंद्रतेआधी दशांशचिन्ह छापलेलं नसतं: ०००१३०० म्हणजे ०.०००१३.

कुठल्याही सन-सिंक्रोनस उपग्रहाचे दहा दिवसांच्या अंतराने दोन टीएलई घ्या. पातांची वजाबाकी ९.८६ अंशांच्या आसपास आली पाहिजे. दोन्ही टीएलईंच्या पहिल्या ओळीतल्या नोंदीच्या वेळा बघून नेमके किती दिवस झाले ते काढा, नुसते 'दहा' धरू नका.

दोन ठिकाणी गडबडाल, म्हणून आधीच सांगतो. ८१७ किमीच्या कक्षेसाठी टीएलईत दिवसाच्या फेऱ्या १४.२१६ च्या आसपास दिसतील. ३४१ ÷ २४ मात्र १४.२०८ येतात, आणि निव्वळ केप्लर १४.२२५ सांगतो. तिन्ही बरोबर आहेत. टीएलईतला आकडा उपभू ते उपभू मोजलेला असतो, त्यात चौथ्या पायरीतला फक्त पहिला भाग, ३.६ सेकंदांचा, आलेला असतो. उरलेले ३.४ सेकंद तुम्हाला मिळवायचे आहेत.

दुसरं म्हणजे उत्केंद्रता. गोठलेल्या कक्षेतल्या उपग्रहाच्या टीएलईत ०.००१ शोधाल तर तिथे साधारण ०.०००१ दिसेल. उपग्रह ढळलेला नसतो. टीएलई ज्या एसजीपी-४ या कक्षा-गणिताच्या पद्धतीसाठी बनवतात, ती जे-३ चा उचल स्वतःच्या गणितात नंतर मिळवते, म्हणून आकड्यांतून तो आधी वजा केलेला असतो. टीएलई एसजीपी-४ मधून चालवा, फेरीभर दर मिनिटाचं केंद्रापासूनचं अंतर काढा आणि आलेख मांडा. फेरीत दोनदा येणारी ±१.५ किमीची लाट दिसेल, आणि तिच्यावर चढलेली, फेरीत एकदाच येणारी, उत्तरेला ७ किमी आत जाणारी दुसरी लाट. पहिली जे-२ ची आणि दुसरी त्या सोळा मीटरची.